डोळ्यांच्या उंचीवरून

मोराचं ओरडणं कवितेत गोड असतं. प्रत्यक्षात ते घसा फाडून येतं आणि ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पाडून जातं. 2025 चा पाडवा मार्चच्या 30 तारखेला आला होता. हैदराबादेतल्या मराठी घरांत हा सण दुहेरी असतो. गॅलरीतली गुढी आणि साखरेच्या गाठी आपल्या, तर शेजारच्या तेलुगू वहिनींकडून आलेल्या वाटीत कैरी, गूळ, चिंच, मीठ आणि कडुनिंबाचा मोहर घातलेली उगादी पच्चडी त्यांची. तोंडात ती आंबटगोड-कडू चव रेंगाळत असतानाच त्या आठवड्यात शहरातल्या फोनांवर एक छोटीशी चित्रफीत फिरू लागली. काळोख, काळोखात फिरणारे यंत्रांचे प्रखर दिवे, आणि त्या उजेडाच्या पलीकडून कुठून तरी येणारा मोरांचा आकांत. हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेल्या कंचा गच्चीबावलीच्या 400 एकरांच्या रानात बुलडोझर शिरले होते, आणि विद्यापीठातल्या मुलामुलींनी हातातले फोन तिकडे वळवून धरले होते.

सकाळच्या वर्तमानपत्रात ही बातमी नव्हती असं नाही. सर्व्हे क्रमांक 25, राज्याचं औद्योगिक पायाभूत सुविधा महामंडळ, जमिनीची मालकी कोणाची याचा वर्षानुवर्षांचा वाद, माहिती तंत्रज्ञानाच्या नव्या संकुलांचं स्वप्न, हे सगळं रकान्यांत नीटनेटकं बसवलेलं होतं. माझ्या हातातल्या कागदावर फक्त मोर नव्हते. आणि गंमत अशी, की एरवी मी तो कागद घडी घालून बाजूला ठेवला असता, दुपारपर्यंत विसरूनही गेलो असतो. पण फोनमधला तो काळोख काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. बातमीने मला माहिती दिली होती, त्या चित्रफितीने मला तिथे नेऊन उभं केलं होतं. या दोन गोष्टींत श्रेष्ठ-कनिष्ठ लावायची घाई मला नाही. माहितीवाचूनचं उभं राहणं हेही एक प्रकारचं आंधळेपणच असतं.

3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली आणि वृक्षतोड थांबवली. त्या दिवसातली एक बारीकशी गोष्ट मला फार मोलाची वाटते. न्यायालयाने तेलंगणा उच्च न्यायालयाच्या निबंधकांना सांगितलं, की आत्ता त्या जागेवर जा, डोळ्यांनी पाहा आणि दुपारी साडेतीनपर्यंत कळवा. निबंधक गेले. त्यांनी पाहिलं. मोठाली झाडं पडलेली होती, सुमारे 100 एकरांवर यंत्रांचा वरवंटा फिरलेला होता, आणि मोर-हरणं तिथे होती. दिल्लीतल्या न्यायासनाला, इतक्या कागदांच्या आणि चित्रांच्या गर्दीत, शेवटी दोन डोळे आणि दोन पाय एवढंच हवं होतं.

ते का हवं होतं, हेही सांगायला हवं. कारण त्याच दिवसांत त्या रानाविषयी दुसरंही बरंच काही फिरत होतं. बुलडोझरपुढून जीव घेऊन पळणारी हरणं, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून क्षणात काढून घेतलेली; काही जपानी ॲनिमेशनच्या मऊ रंगांत रंगवलेली, तर काही पाहणाऱ्याला खरीच वाटावीत अशी. सरकार म्हणालं, हे सारं बनावट आहे, लोकांना भडकवणारं आहे. अशीच एक प्रतिमा पुढे पाठवली म्हणून राज्यातल्या एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्यांना पोलिसांची नोटीसही गेली. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच काचेवर, खरं रान आणि खोटी हरणं शेजारी शेजारी धावत होती. आणि खोट्या हरणांमुळे खऱ्या रानाचं बोलणं संशयास्पद ठरत होतं. मग मनात येत राहिलं, की सांगणाऱ्याच्या हातात कोणतं साधन आहे, त्याला खरंच इतकं महत्त्व आहे का? की महत्त्व आहे ते तो कुठे उभा राहून सांगतो आहे याला?

हैदराबादेत राहून बातम्यांचा विचार करायचा आणि शहराच्या पूर्वेकडची रामोजी फिल्म सिटी आठवायची नाही, हे शक्य नाही. आज पर्यटक तिथे कारंजी आणि खोटे राजवाडे पाहायला जातात. पण 2000 साली सुरू झालेल्या ई टीव्ही मराठीच्या बातम्या याच डोंगराळ, खडकाळ परिसरातून निघत. महाराष्ट्राच्या एखाद्या तालुक्यातला वार्ताहर आपल्या गावची गारपीट टिपायचा, ती दृश्यं इथे यायची, मराठवाड्या-विदर्भातून नोकरीसाठी आलेली तरुण मुलं ती इथे कापायची, जोडायची, लिहायची, आणि इथल्याच स्टुडिओतली कोणी मुलगी ती वाचून दाखवायची. मग आकाशातल्या उपग्रहाला शिवून ती गारपीट पुन्हा त्याच तालुक्यातल्या बैठकीच्या खोलीत उतरायची. आपल्या शेतातला टोमॅटो बाजार समितीत जाऊन, हात बदलून, पुन्हा आपल्याच गावच्या वाण्याकडे विकायला यावा, तसं हे. टोमॅटो तोच असतो, पण वाटेत त्याला कोणी तरी निवडलेलं असतं, तोललेलं असतं, आणि त्याचा भावही दुसऱ्याच कोणी ठरवलेला असतो.

तरीही मोठ्या माध्यमांना नावं ठेवायला जीभ उचलत नाही, कारण हे मोठेपण कधी काळी धाकटंच होतं. 10 ऑगस्ट 1974 ला याच फिल्म सिटीच्या रामोजी रावांनी ‘ईनाडु’ हे तेलुगू दैनिक काढलं ते हैदराबादेत नव्हे, विशाखापट्टणमला. तिथल्या लोकांना दुसऱ्या शहरात छापलेली तेलुगू पत्रं दिवस बराच वर आल्यावर मिळत. यांनी सूर्य उगवायच्या आत अंक दारात टाकायला सुरुवात केली. पुढे त्यांनी प्रत्येक जिल्ह्यासाठी निराळी पानं काढली. बोअरवेल आटली, एसटी वेळेवर आली नाही, शाळेचं छप्पर गळतं, अशा ज्या गोष्टींना राजधानीच्या पत्रांत जागा नव्हती, त्या छापून येऊ लागल्या. 1992 च्या सुमारास नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी ताडीमाडीच्या नव्हे तर गावठी दारूच्या, सारा म्हणतात तिच्या, दुकानांविरुद्ध कंबर कसली. त्यांना बळ दिलं होतं ते साक्षरतेच्या वाचनपुस्तकातल्या एका गोष्टीने, जिच्यातल्या बायका एकजूट करून दारूचं दुकान बंद पाडतात. पुस्तकातली गोष्ट गावात खरी झाली, ‘ईनाडु’ने गावोगावच्या अशा हकीकती रोजच्या रोज छापल्या, आणि 1993 मध्ये आंध्र प्रदेशात या गावठी दारूवर बंदी आली. त्या वेळी ते पत्र त्या बायकांच्या शेजारी उभं होतं.

मग काय होतं? कुठल्या क्षणी शेजारी उभं राहणारं पत्र गच्चीवर जाऊन उभं राहतं? मला वाटतं, असा एखादा क्षण नसतोच. छापखाना मोठा होतो, मग कागदाचं बिल मोठं होतं, मग जाहिरात मोठी लागते, मग जाहिरात देणाऱ्याची आणि राज्य करणाऱ्याची मर्जी सांभाळणं हा रोजच्या स्वयंपाकाचाच भाग होऊन जातो. कोणी दुष्ट असावं लागत नाही. फक्त ज्याच्याविषयी लिहायचं तो माणूस हळूहळू वाचकाऐवजी विषय बनत जातो, आणि विषयाला कोणी चहा विचारत नाही.

काचीगुड्याच्या बाजूला गेलं, की माझी पावलं जरा रेंगाळतात. मनमाडकडून, परभणी-नांदेडकडून आलेल्या गाड्या इथे माणसं उतरवत आल्या. निजामाच्या राज्यात मराठवाड्याची राजधानी हैदराबादच होती, आणि कोर्टाचं काम, कॉलेजचं शिक्षण, सोयरीक, सगळ्यासाठी आमच्या घरचे आजे-पणजे याच स्टेशनात उतरले. याच काचीगुड्यात 1947 च्या अखेरीला शोएबुल्ला खान नावाच्या तरुणाने ‘इमरोज’ नावाचं उर्दू दैनिक सुरू केलं. पैसा मित्रांनी, बुर्गुला रामकृष्ण राव यांच्यासारख्या पाठीराख्यांनी उभा केलेला, जागा भाड्याची, आणि भोवती रझाकारांचं राज्य. हैदराबाद संस्थानाने भारतात विलीन व्हावं आणि रझाकारांचा जुलूम थांबावा, असं एक मुसलमान तरुण, मुसलमानांच्या जिव्हाळ्याच्या भाषेत, त्यांच्याच शहरात रोज छापत होता. विरोधात लिहिणारे हात छाटले जातील अशी भाषा भर सभेत बोलली गेली. 21 ऑगस्ट 1948 च्या रात्री काम संपवून तो घरी निघाला असताना, कचेरीपासून जवळच, मारेकऱ्यांनी त्याला गाठलं. गोळ्या घातल्या, आणि हातही तोडला. पहाटे तो गेला. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं. त्यानंतर महिनाही उलटला नाही, तोच 17 सप्टेंबरला संस्थान विलीन झालं.

आज आपण ‘स्वतंत्र माध्यम’ म्हणतो तेव्हा मला फोनच्या काचेआधी शोएबुल्लाचा तो हात आठवतो. त्याच्यापाशी साधन काय होतं? एक छोटा छापखाना आणि थोडासा कागद. त्याच्या विरोधकांपाशी सत्ता होती, सभा होत्या, बंदुका होत्या. पण तो ज्या रस्त्याने रोज घरी जायचा, त्याच रस्त्यावरच्या माणसांविषयी लिहायचा. त्याला कुठे गाठायचं हे मारेकऱ्यांना माहीत होतं, याचाच अर्थ असा की तो आपल्या वाचकांपासून लांब राहत नव्हता. सान्निध्याची ही किंमत आहे, आणि तीच त्याची प्रतिष्ठाही.

या शहराच्या मातीत असे धाकटे आवाज पुष्कळ पुरलेले आहेत. 1926 मध्ये सुरवरम प्रतापरेड्डी यांनी ‘गोलकोंडा पत्रिका’ काढली, तेव्हा उर्दूच्या दरबारी वैभवात तेलुगूला कोपऱ्यातच जागा होती. तेलंगणात तेलुगू कवीच नाहीत असं कोणीसं लिहिलं, तेव्हा प्रतापरेड्डींनी वाद घालण्यात शक्ती दवडली नाही. गावोगाव पत्रं पाठवून कविता मागवल्या आणि 1934 मध्ये 354 कवींचा एक जाडजूड ग्रंथच छापून समोर ठेवला. याहून सभ्य आणि याहून निरुत्तर करणारं उत्तर मला दुसरं ठाऊक नाही. 1931 मध्ये भाग्यरेड्डी वर्मा यांनी इथल्या दलितांसाठी ‘भाग्यनगर’ काढलं. आपल्याकडे त्याआधी, 31 जानेवारी 1920 ला, डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला होता, शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. आणि त्याची जाहिरात, तीही पैसे मोजून देऊ केलेली, ‘केसरी’ने स्वीकारली नव्हती. जो ‘केसरी’ साम्राज्याशी झुंजला, त्यालाही आपल्याच अंगणातला एक आवाज छापावासा वाटला नाही. प्रत्येक काळातल्या मुख्य प्रवाहाला एक किनारा असा असतो, जो त्याला दिसतच नाही, आणि त्या किनाऱ्यावरच्या माणसांना मग आपली होडी आपणच बांधावी लागते.

होडी बांधायला लिहिता-वाचता यावंच लागतं असंही नाही. तेलंगणाच्या सशस्त्र लढ्याच्या काळात बातम्या बुर्राकथेवर बसून गावात यायच्या. तिघेजण असतात: मधला तंबुरा घेऊन गोष्ट सांगतो, आजूबाजूचे दोघे ढक्की वाजवत त्याला साथ देतात, आणि त्यांतला एक चालू राजकारणावर बोट ठेवतो तर दुसरा विनोदाने बायाबापड्यांना हसवतो. जमीनदाराने काल काय केलं, ते आज रात्री पारावर कळायचं, आणि हसताहसता कळायचं. आपल्याकडे अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. व्होल्गेच्या काठी चाललेली लढाई मुंबईच्या गिरणीवस्तीतल्या माणसाला डफावर ऐकू आली. सांगणारा समोर उभा असायचा, ऐकणारा त्याला थांबवू शकायचा, चूक काढू शकायचा, नाराज होऊन उठून जाऊ शकायचा. शाहिराच्या डोळ्यांना श्रोत्याचे डोळे दिसत असत, ही त्या कलेची अदृश्य आचारसंहिता होती.

ती डोळ्यांची आचारसंहिता मला पुन्हा दिसली ती हैदराबादहून मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गावर, जहीराबादच्या परिसरात. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था 1983 पासून गावोगावच्या दलित बायकांच्या संघमांबरोबर, म्हणजे गटांबरोबर, काम करत आली आहे. संस्थेचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश मुळात दूरदर्शनचे निर्माते. 2023 च्या मार्चमध्ये ते गेले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपलं, ज्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती, त्या बायकांच्या हाती या संस्थेने कॅमेरा दिला. त्यांनी तो शिकून घेतला आणि त्याचं व्याकरण स्वतःच रचलं. वरून खाली पाहणारं दृश्य म्हणजे पटेल शॉट, कारण गावचा पटेल तसाच बघतो. खालून वर पाहणारा तो गुलामाचा शॉट, वेठीवरच्या माणसाची नजर तशी असते म्हणून. आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून घेतलेला तो संघम शॉट, कारण संघमच्या बैठकीत सगळ्याजणी एकाच जमिनीवर बसतात. चित्रपटकलेच्या कुठल्याही महाविद्यालयात हे असं शिकवत असतील असं वाटत नाही. याच बायकांनी वरंगळच्या कापूस उत्पादकांकडे जाऊन बीटी बियाण्याची हकीकत चित्रित केली, हंगामभर पुन्हा पुन्हा त्याच शेतांत जाऊन. कंपनीचं पत्रक वाचून बातमी करता येते. रोप लावल्यापासून बोंड वेचेपर्यंत त्याच बांधावर परतत राहायला मात्र शेतकरीणच लागते.

जवळच्या माचनूर गावात त्यांचं संघम रेडिओ हे केंद्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ध्वनिलहरी ही जनतेची संपत्ती आहे असं म्हटलं, आणि या बायकांनी ते शब्दशः खरं मानलं. त्या शतकाच्या अखेरीस केंद्राची इमारत उभी राहिली. परवाना मात्र मिळेना. मग काय करायचं? कॅसेटवर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे आणि संघमच्या बैठकीत टेपरेकॉर्डर लावून ऐकवायचे. अशी दहाएक वर्षं गेली. 15 ऑक्टोबर 2008 ला प्रक्षेपण सुरू झालं, दोन नरसम्मांच्या हातांनी: एक अल्गोल गावची, दुसरी जिला सगळे जनरल नरसम्मा म्हणतात ती. कुठलं बियाणं जपावं, कुठल्या रानभाज्या पोटाला बऱ्या, सण कसा साजरा करायचे, कोणाच्या आजीला कुठलं गाणं येतं, अशा गोष्टींनी तिथली संध्याकाळ भरून जाते. आणि एक विचित्र सत्य असं, की आपल्या देशात सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे ऐकवता येतात. बातमी सांगायची नाही, गोष्ट सांगायला हरकत नाही. माचनूरच्या बायकांना याचं फारसं वाईट वाटत असेल असं मला वाटत नाही. ज्वारीवर कीड पडली ही त्यांच्यासाठी गोष्टच असते, आणि ऐकणारीसाठी ती बातमी होते.

हे लिहिताना जात्याची घरघर ऐकू येते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या होत्या. आज त्यांतल्या कितीतरी पी. साईनाथ यांनी डिसेंबर 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या आंतरजालावरच्या संग्रहालयात ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या नावासकट, गावासकट, छायाचित्रासकट. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर इंग्रजी वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं लिहिलेल्या माणसाने शेवटी वर्तमानपत्राबाहेर एक घर बांधावं आणि त्या घरात ओव्यांना ओसरी द्यावी, यात मला मोठा काव्यात्म न्याय दिसतो. सासरचा जाच, भावाची वाट, दुष्काळ, आणि आंबेडकरांवरची माया, हे सगळं पहाटेच्या अंधारात बायकांनी दगडाला सांगितलं होतं. तेव्हाच्या कुठल्या संपादकाला ते दळण ऐकू गेलं नाही. ते आज ऐकू येतं आहे, आणि तारीख उलटून गेली तरी शिळं झालेलं नाही.

हैदराबादेपासून बऱ्याच अंतरावर, जगित्याल जिल्ह्यातल्या लंबाडीपल्ली गावात 2012 पासून ‘माय व्हिलेज शो’ नावाची यूट्यूब वाहिनी चालते. श्रीकांत श्रीराम या तरुणाने ती काढली आणि तिच्यातून गंगव्वा साऱ्या तेलंगणाला माहीत झाली. आयुष्यभर शेतमजुरी केलेली, विड्या वळलेली ही आजी, तोंडात अस्सल तेलंगणी बोली, आणि चेहऱ्यावर कुठलाही मुलामा नाही. गावातले छोटे छोटे प्रसंग ही मंडळी हसतखेळत उभे करतात, आणि त्या हसण्याच्या पोटात गावाचं सुखदुःख असतं. बुर्राकथेतला तो विनोद करणारा साथीदार अजून मेलेला नाही, याची खूण पटते. शहरातल्या वाहिन्यांनाही ही चव कळली; व्ही 6 वाहिनीने ‘तीनमार वार्तलु’मध्ये बातम्या किनारपट्टीच्या प्रमाण तेलुगूऐवजी इथल्या रांगड्या बोलीत सांगायला घेतल्या आणि घराघरांत त्या लोकप्रिय झाल्या. 2020 मध्ये गंगव्वा ‘बिग बॉस’च्या घरात गेली आणि काही आठवड्यांत प्रकृतीच्या कारणाने बाहेर आली. कॅमेरे तिथे जास्त होते, पण तिच्या गावची हवा तिथे नव्हती.

मात्र या धाकट्या माध्यमांची मी आरती ओवाळणार नाही. त्या ‘तीनमार’नेच घडवलेला एक निवेदक, तीनमार मल्लन्ना, पुढे स्वतःची यूट्यूब वाहिनी चालवू लागला, सत्तेवर तुटून पडला, तुरुंगातही गेला, आणि 2024 मध्ये सत्ताधारी काँग्रेसच्या तिकिटावर विधान परिषदेवर निवडून आला. यात गैर काही नाही; पण प्रश्न विचारणारा स्वतःच सभागृहात जाऊन बसला, की ऐकणाऱ्याने कान थोडे टवकारलेले बरे. आणि उलट बाजूही आहे. 2025 च्या मार्चमध्ये रेवती पोगडदंड आणि तन्वी यादव या दोन पत्रकारांना हैदराबादेत अटक झाली, मुख्यमंत्र्यांविषयी अपशब्द बोलणाऱ्या एका शेतकऱ्याची मुलाखत दाखवल्याच्या प्रकरणात. त्यांच्यामागे मोठ्या वृत्तसमूहाची इमारत नव्हती. 2022 च्या अखेरीला एनडीटीव्हीची मालकी बदलताना रवीश कुमार तिथून बाहेर पडले आणि यूट्यूबवर आले, तेव्हा लाखो लोक त्यांच्यामागे चालत आले; गल्लीतल्या एकट्या मुलामागे तेवढे लोक येत नाहीत. स्वातंत्र्याबरोबर उघड्यावर झोपणंही येतं.

आणि उघड्यावर झोपणाऱ्याला मोहही लवकर गाठतो. किती जणांनी पाहिलं, किती जणांनी अंगठा दाखवला, हा आकडा सतत डोळ्यांसमोर हलत राहिला, की शब्द चढत जातो, मथळा किंचाळू लागतो, शेजारच्याचं दुःख तापवून तापवून वाढलं जातं. मग कॅमेरा पुन्हा वर जातो. छापखान्याचं बिल माणसाला ज्या गच्चीवर नेऊन उभं करतं, त्याच गच्चीवर हा आकडाही त्याला नेतो. फरक इतकाच, की या वेळी गच्चीवर तो एकटाच असतो. आपणही निर्दोष नाही. खोटी हरणं पुढे पाठवणारी बोटं आपलीच होती.

तर मोठी माध्यमं हरतील आणि छोटी जिंकतील, असं काही होईल असं मला वाटत नाही, आणि व्हावं असंही नाही. न्यायालयाचा आदेश, अर्थसंकल्पाचा हिशेब, युद्धभूमीवरचा वार्ताहर, यांना पाठबळ लागतं, आणि ते एकट्याच्या खिशातून येत नाही. पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट निश्चित बदलली आहे: आता मोठ्यांनी सांगितलेली हकीकत शेवटची राहत नाही. कोणी तरी, कुठे तरी, त्याच जागेवरून, डोळ्यांच्या उंचीवरून तीच हकीकत पुन्हा सांगतं, आणि मग मोठ्यांना जिना उतरून खाली यावं लागतं. त्यांचं खाली येणं हाच या धाकट्यांचा विजय. याहून मोठा विजय त्यांनी मागूही नये.

सांगणारा खरा की खोटा, हे ओळखायची माझ्यापुरती एकच कसोटी उरली आहे. ज्यांच्याविषयी त्याने आज सांगितलं, त्यांच्या दारावरून त्याला उद्या जायचं आहे का, आणि त्यांनी हाक मारली तर तो थांबणार आहे का? शोएबुल्ला थांबणारा होता. दोघी नरसम्मांना त्याच विहिरीवर पाणी भरायचं होतं. विद्यापीठातल्या मुलांना त्याच वसतिगृहात झोपायचं होतं. ही कसोटी दिल्लीच्या झगमगीत स्टुडिओला लावा, आणि गल्लीतल्या फोनवाल्यालाही लावा. दोघांतही पास होणारे आणि नापास होणारे निघतील. आणि तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत असा एखादा पास होणारा आढळलाच, तर नुसतं ऐकून पुढे जाऊ नका. चुकलं तिथे त्याला तोंडावर सांगा, त्याच्यावर वेळ आली तर त्याच्या पाठीशी उभे राहा, आणि वर्षाकाठी चार पैसे त्याच्या हातावर ठेवा. ज्याला आपण पोसत नाही, त्याला दुसरं कोणी तरी पोसतं, आणि मग तो त्याचंच सांगतो.